पेटी काढली, एको काढला: अक्कांचा नवा अल्बम आणि दोन बाजूंना गेलेले श्रोते

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्या घरी टेपरेकॉर्डर होता त्या घरी अक्कांची एखादी तरी कॅसेट असायची. हा आवाज मधली आठ वर्षं पूर्ण बंद होता. गेल्या कार्तिकी एकादशीला तो पुन्हा ऐकू आला, आठ रचनांचा अल्बम घेऊन. सात अभंग आणि एक कानडी दासपद, म्हणजे कर्नाटकातल्या हरिदास संतांचं पद. साथीला दोन तंबोरे, दोन रचनांना एकतारी, शेवटच्या अभंगाला टाळांची एक जोडी. बाकी काही नाही. पेटी नाही, तबला-पखवाज नाही, मागे कोरस नाही, आणि एको तर औषधालाही नाही.

अक्कांचं वय आज ७२. त्यांचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून इथे लिहीत नाही. आमच्याकडे मराठी-कानडी सगळेच त्यांना अक्का म्हणतात, तेवढं पुरे. मी त्यांच्यासोबत अनेक वर्षं पेटी वाजवली. या अल्बमात मी नाही, पण तो होताना बहुतेक वेळ तिथे होतो. नंतर लोकांनी जे ऐकवलं तेही बरंचसं माझ्याच वाट्याला आलं, कारण अक्कांशी तोंडावर बोलायला लोक कचरतात आणि पेटीवाल्याला कुणीही रस्त्यात थांबवतं.

पहिल्या महिन्यातच श्रोते दोन बाजूंना गेले. एकाच घरात सासू एकीकडे आणि सून दुसरीकडे असंही पाहिलं. "वय झालं, आवाज गेला, कुणाला आवडलं, कुणाला नाही" एवढ्यावर आता हे प्रकरण मिटवलं जातंय. मला ते पटत नाही. आवडण्या-न आवडण्यामागे इथे एक ठळक कारण होतं, आणि ते वयात, शिक्षणात किंवा गाण्याच्या जाणकारीत सापडत नाही.

लोकांच्या कानात कोणत्या अक्का होत्या

अक्कांचं माहेर खानापूर तालुक्यातलं. वडील गावच्या भजनी मंडळात वीणेकरी. देवळात हरिपाठाला त्या लहानपणापासून उभ्या राहायच्या. पुढे बेळगावात रीतसर गाणं शिकल्या. ख्यालगायक रामकृष्णबुवा वझ्यांचं वास्तव्य लाभलेल्या या शहरात ख्याल शिकवणारी माणसं तेव्हा शोधावी लागत नसत. पण पोट भरलं ते ख्यालावर नव्हे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, लहानलहान कंपन्या गावोगावच्या गायकांना बोलावू लागल्या, आणि अक्कांच्या भक्तिगीतांच्या कॅसेटी निघाल्या. एका दिवसात सगळी गाणी संपवायची घाई असायची. वाद्यांचं काम सिंथेसायझरवर आधीच उरकलेलं असायचं आणि आवाजावर एको भरपूर मारलेला असायचा.

त्या काळात अक्का काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून गात. बायकांमध्येही ती वरच्या बाजूचीच पट्टी. गाणं संपवताना तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर जायचं, तिथे ठाण मांडायचं, सूर लांबवायचा, की टाळ्या. गावच्या महालक्ष्मी यात्रेत, गणपतीत, शिवजयंतीच्या कार्यक्रमात लोक हीच जागा मागायचे. "अक्का, वरचा सूर होऊ दे!" अशी हाक यायची ती मंडपाच्या अगदी मागून.

मागूनच का, याला कारण आहे. तेव्हा गावातला ध्वनिक्षेपक म्हणजे झाडाला किंवा देवळाच्या शिखराला बांधलेला कर्णा. कर्ण्यातून आवाजाचा मधला आणि वरचा भाग लांब जातो, खालचा जवळजवळ नाहीसा होतो. शेतं ओलांडून ज्या घरापर्यंत अक्कांचं गाणं जात होतं, तिथे मंद्रातलं (खालच्या सप्तकातलं), हलकेच ठेवलेलं, श्वास घेऊन उचललेलं काही पोचतच नव्हतं. पोचत होता तो तार सप्तकातला धारदार सूर आणि त्यामागे घुमणारा एको. मग घरी कॅसेट लावली की तेच पुन्हा कानावर पडायचं. या भागातल्या कितीतरी लोकांसाठी अक्का म्हणजे तो सूर, इतकं ते पक्कं झालं.

गळा का थांबला

थायरॉइडची गाठ निघाली, शस्त्रक्रिया करावी लागली. थायरॉइड ग्रंथीला अगदी लागून स्वरयंत्राकडे जाणारे मज्जातंतू असतात. त्यांतला एक बारीक तंतू ज्या स्नायूला चालवतो, तो स्नायू स्वरतंतू ताणून धरतो. वरचे सूर लागतात ते त्यामुळे. त्या तंतूला थोडा धक्का लागला तरी बोलणं नेहमीसारखं राहतं, पण वरचे सूर जातात आणि गळा लवकर थकतो. या शस्त्रक्रियेतली ही सर्वांना माहीत असलेली जोखीम आहे आणि अक्कांना ती आधी सांगितलेली होती. त्यांच्या बाबतीत तेच झालं. त्यात वयाची भर. उतारवयात स्वरतंतूंचा स्नायू बारीक होतो, श्वास तोकडा पडतो, बायकांचा आवाज खाली उतरतो.

लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. यजमान गेले म्हणून गाणं सोडलं, मुलानं पुण्याला नेलं, अशा वावड्या होत्या. अक्कांनी कुणाला खुलासा केला नाही. सुरुवातीला त्या तंबोऱ्याच्या वाटेलाच गेल्या नाहीत. पुढे पहाटे तंबोरा लावून नुसता खर्ज, म्हणजे खालचा 'सा', भरू लागल्या, आणि बराच काळ तेवढंच चालू होतं.

अल्बम कसा झाला

हा भाग सविस्तर सांगतो, कारण टीकेतले निम्मे मुद्दे इथे घेतलेल्या निर्णयांवरच आहेत.

ध्वनिमुद्रण करणारा मुलगा निपाणीकडचा, इंजिनीअरिंग शिकून ध्वनीच्या कामात पडलेला. त्याच्या डोक्यात अमेरिकेतल्या जॉनी कॅशचा नमुना पक्का होता. १९५० च्या दशकापासून गाजलेला हा गायक १९८० च्या दशकात मागे पडला, इतका की ज्या कंपनीसाठी तो वर्षानुवर्षं गायला तिनंच त्याला सोडलं. १९९३ मध्ये, ६१ व्या वर्षी, रिक रूबिन या निर्मात्यानं त्याला दिवाणखान्यात बसवलं आणि एकट्या गिटारवर गायला लावलं. त्या गाण्यांना ग्रॅमी मिळालं, तरुण श्रोते मिळाले. पण ज्या कंट्री संगीताच्या रेडिओ केंद्रांवर तो मोठा झाला होता, त्यांनी ती फारशी वाजवली नाहीत. मुलानं अक्कांना ही हकीकत सांगितली तेव्हा शेवटचा भागही सांगितला. म्हणजे आपले जुने लोक दुरावू शकतात हे अक्कांनी पहिल्या दिवसापासून धरलेलं होतं. "अक्कांना कुणीतरी फसवून हे करायला लावलं" असं बोलणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आधी पेटीसह करून पाहिलं होतं. काळी तीन लावली, म्हणजे जुन्या पट्टीपेक्षा पेटीच्या चार पट्ट्या खाली. पेटीच्या साथीचं काम असं असतं की गायक ओळ म्हणतो तेव्हा मागोमाग जायचं आणि तो श्वासाला थांबला की रिकामी जागा भरून काढायची. अक्का आता ओळ संपायच्या आत थांबतात. त्या थांबल्या की माझी बोटं सवयीनं पुढे जात होती. ऐकायला सगळं गुळगुळीत झालं होतं. खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटलं. अक्कांनी मात्र ते दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "मी कुठं थांबले ते कळंनाच झालंय यात. थांबलेलंबी ऐकू यायला नको होय?" दुसऱ्या दिवसापासून पेटी झाकून ठेवली.

तुम्हाला वाईट वाटलं नाही का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. पेटी हे आमच्या बेळगावच्या अभिमानाचं वाद्य आहे. कागवाडला जन्मलेल्या पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी (१९१७–२०१०) बेळगावात राहून पेटीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यावर आमच्यासारख्यांच्या पिढ्या वाढल्या. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल होईपर्यंत एकतीस वर्षं टिकली. तो पेटीवर अन्याय होता असंच मी आजही मानतो. तरीही या अल्बमात पेटी नको होती. अक्कांचा आवाज आता सुराला खालून येऊन भिडतो आणि भिडण्याआधी क्षणभर अलीकडे थांबतो. पेटीचा सूर ठरल्या जागी उभा असतो. त्याच्या शेजारी तो आवाज चुकलेला वाटतो. तंबोऱ्याच्या शेजारी तोच आवाज सूर शोधत असल्याचं ऐकू येतं, आणि अभंगात तो शोध ऐकू येणं मला मोलाचं वाटतं.

मुलानं मायक्रोफोन एकच लावला, अगदी तोंडाजवळ. श्वास, ओठ सुटल्याचा बारीक आवाज, एके ठिकाणी बांगडीची किणकिण, सगळं राहू दिलं. सूर सरळ करून देणारं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. ते वापरायचं नाही असं अक्कांनी बजावलं. तिसऱ्या आणि पाचव्या अभंगात तार षड्ज थोडा उतरलेला आहे. तो तसाच ठेवलेला आहे.

जे नाराज झाले

अनगोळच्या एक ताई सगळ्यांत आधी बोलल्या. वर्षानुवर्षं त्यांच्या घरात पहाट झाली ती अक्कांच्या कॅसेटनं. मुलं त्या आवाजानं उठली, शाळेला गेली, नोकरीला लागली. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत उशाशी तीच कॅसेट होती. नवा अल्बम त्यांनी दुसऱ्या अभंगावर बंद केला. मला म्हणाल्या, "म्हातारपण घरात रोज बघायलोय की. गाण्यात तरी कशाला दाखवायचं?"

अल्बम आवडलेल्या काही मंडळींनी अशा श्रोत्यांना भाबडं ठरवलं, त्यांना गाणं कळत नाही म्हटलं. मला हे अजिबात मान्य नाही. या ताईंना कॅसेटमधली प्रत्येक हरकत पाठ आहे. नव्या अल्बमात कुठली गाळली तेही त्यांनी बरोबर सांगितलं. त्यांच्या आयुष्यात जे जे गेलं त्याच्या जोडीला एक गोष्ट न बदलता उभी होती, आणि तीही आता बदलली. हे दुःख खरं आहे. त्याला कुणी रसिकतेची परीक्षा लावू नये.

खानापूर भागात मंडप आणि ध्वनिक्षेपकाचा धंदा करणारे एक गृहस्थ आहेत. पेनड्राइव्हवर गाणी भरून देणं हा त्यांचा जोडधंदा. अल्बम आला तेव्हा उसाचा हंगाम सुरू झाला होता आणि ट्रॅक्टरवाले अक्कांची नवी गाणी मागायला आले. चार दिवसांत तेच लोक ती काढून टाका म्हणत परत आले. ट्रॅक्टरवर लावलं की इंजिनच ऐकू येतं, अक्का येत नाहीत. गृहस्थांना अल्बमबद्दल चांगलं-वाईट काही म्हणायचं नव्हतं. त्यांनी नवी काढली, जुनी भरून दिली.

टिळकवाडीतल्या बैठकांना जाणाऱ्या जाणकारांकडून ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाला मोठी आशा होती. एवढी तंबोऱ्यावरची, संथ गायकी त्यांना नक्की रुचेल असं त्याला वाटत होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तिसरा आणि पाचवा अभंग ऐकून "सूर लागत नाही" म्हणून विषय संपवला. त्यांचा कान चोख आहे, सूर तिथे लागलेला नाहीच.

कानडी दासपदावरून मात्र वाद होईल अशी सगळ्यांना धास्ती होती. सीमाभागात मराठी गायिकेनं कानडी पद का घेतलं, असं कुणीतरी विचारणारच असं आम्ही धरून चाललो होतो. एक-दोघांनी कुरकुर केली आणि तिथेच थांबलं. पुरंदरदासांच्या पदांची नाममुद्राच पुरंदर विठ्ठल आहे, ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलेलं आहे, आणि भीमसेन जोशींनी आयुष्यभर मराठी अभंगही गायले आणि कानडी दासपदंही. आमच्या देवळांतून हे इतकं मुरलेलं आहे की भांडायला कुणाला धागा सापडला नाही. हुक्केरीकडची काही कानडी घरं तर या एका पदामुळे उरलेले सात अभंग ऐकू लागली.

सगळ्यांत वजनदार हरकत निपाणीच्या एका निवृत्त मास्तरांची. ते स्वतः वारीला जातात, भजनी मंडळ चालवतात. त्यांचं म्हणणं मी त्यांच्याकडून नीट समजून घेतलं. अभंग ही एकट्यानं म्हणायची चीज नाही. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये मृदंग, वीणेकरी, आणि ध्रुपद, म्हणजे पालुपद, सगळ्यांनी मिळून उचलायचं. चाल सांगणारा थकला तर दुसरा घेतो, म्हणून कुणाचाच आवाज गेला तरी अभंग अडत नाही. अक्कांच्या अल्बमात ध्रुपद एकदा होतं, आणि जिथे मंडळींनी ते घ्यायचं तिथे नुसता तंबोरा वाजत राहतो. मास्तर म्हणाले, "ती शांतता तुम्हा लोकांना सुंदर वाटती. मला तिथनं माणसं उठून गेल्यागत वाटतं."

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अभंग मैफलीत गेला त्यालाही काळ लोटला, हे खरं. पण भीमसेनांच्या अभंगगायनातही पखवाज होता, टाळ होते, पेटी होती. मांडी घालून गायलेला अभंगसुद्धा लय सोडून गेला नव्हता. अक्कांनी लयीचा आधारही काढून घेतला. आवाजाच्या बाजूनं पाहिलं तर मला तो निर्णय बरोबर वाटतो. अभंगाच्या बाजूनं पाहिलं तर मास्तर बरोबर आहेत.

ज्यांना भिडला

खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळांतले बहुतेक जुने लोक अक्कांच्या बाजूनं उभे राहिले. मास्तरांची हरकत पाहता हे उलट व्हायला हवं होतं. त्यांच्यातले एक म्हातारबा मला म्हणाले, "देवळात अशीच म्हणायची की. कॅसेटवालीच आमाला वळखू येईना झालती."

वडगावातला एक यंत्रमाग कामगार रात्री कामावरून आला की कानाला हेडफोन लावून हे अभंग ऐकतो. दिवसभर मागाचा खडखडाट सोसलेल्या कानाला एवढंच सोसतं, असं तो म्हणाला. त्याची आई अक्कांच्या शेजारी बसून हरिपाठ म्हणायची आणि हा मांडीवर असायचा.

कॉलेजातल्या मुलांनाही अल्बम आवडला, निदान तसं त्यांनी सांगितलं. पण अभ्यास करताना मागे हळू लावून ठेवायला छान आहे, असं कौतुक बऱ्याच वेळा कानावर आलं. त्या कौतुकाला मी फार वजन देत नाही. अक्कांनी इतकं सोसून जे समोर ठेवलं ते मागे हळू वाजत राहण्यासाठी ठेवलेलं नाही.

पहिल्यांदा कुठं ऐकलंत?

या सगळ्या बोलण्यांत माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली आणि मग मी प्रत्येकाला मुद्दाम तो प्रश्न विचारू लागलो. अक्कांना पहिल्यांदा कुठं ऐकलंत?

कर्ण्यावरून, कॅसेटवरून, यात्रेच्या मंडपात मागे उभं राहून ज्यांनी ऐकलं, ते बहुतेक सगळे नाराज होते. देवळात जवळ बसून, घरच्या भजनात, रियाजाच्या वेळी दारात थांबून ज्यांनी ऐकलं, ते बहुतेक सगळे खूश होते. तरुण-म्हातारे, शिकलेले-न शिकलेले, गाव-शहर अशी कुठलीही वाटणी इतकी नीट बसली नाही. टिळकवाडीच्या जाणकारांतसुद्धा हेच. ज्यांना अल्बम रुचला, त्यांनी अक्का शिकत होत्या तेव्हा गुरूंच्या घरी त्यांना ऐकलेलं होतं. ज्यांनी सूर उतरल्याचं सांगून विषय संपवला, त्यांनी त्यांना फक्त रंगमंचावर पाहिलेलं होतं.

म्हणजे अल्बम "नवा" होता तो एका बाजूलाच. दुसऱ्या बाजूला तो त्यांच्या ओळखीचाच होता. जवळून ऐकणाऱ्यांना अक्कांचा श्वास, शब्द उच्चारायच्या आधीचा विराम, मंद्रातली घरंगळ आधीपासून माहीत होती. तार षड्ज हा त्यांच्यासाठी त्या गळ्याचा एक भाग होता. तो गेला तरी त्यांच्या अक्का बऱ्याचशा शिल्लक होत्या. लांबून ऐकणाऱ्यांकडे मात्र पोचला होता तो तेवढाच भाग. शस्त्रक्रियेत नेमका तोच गेला. नव्या अल्बमात त्यांच्या ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. त्यांना "हळूहळू गोडी लागेल" असं सांगणं निरर्थक आहे, कारण त्यांच्यापुढे एक अनोळखी गायिका आहे आणि तिनं ओळखीचं नाव घेतलेलं आहे.

याला अपवाद आहेत. परिवहनच्या बसवर चोर्ला घाटातून रात्रीच्या गाड्या चालवलेले एक निवृत्त ड्रायव्हर आहेत. अक्कांना त्यांनी आयुष्यात फक्त टेपवर ऐकलं, कधी पाहिलंही नाही. अल्बम त्यांना फार आवडला. का, ते त्यांना नीट सांगता आलं नाही आणि मीही अंदाज बांधत नाही.

यात फोनचा वाटाही मोठा आहे. बहुतेकांनी अल्बम ऐकला तो फोनच्या स्पीकरवर. काळी तीनचा मध्य षड्ज सुमारे १८५ हर्ट्झचा, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ९२ च्या आसपास. फोनचा एवढासा स्पीकर तीन-चारशे हर्ट्झच्या खाली फार क्षीण होतो. म्हणजे तंबोऱ्याचं अंगच निघून जातं, वर जवारीची, म्हणजे तार घोडीवर घासून उठणारी, नुसती झणझण उरते, आणि अक्कांचा खाली उतरलेला, भरदार झालेला आवाज किरटा होऊन बाहेर पडतो. एका बाईंनी "डब्यात माशी अडकल्यागत वाजतंय" म्हटलं ते शब्दशः बरोबर होतं. जुन्या कॅसेटी फोनवरही तग धरतात, कारण त्या कर्ण्याला पोचतील अशाच घडवलेल्या होत्या. साथ कमी केली की ऐकण्याच्या साधनावरचा भार वाढतो, हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलालाही ठाऊक होतं. फोनसाठी आवाज वेगळा बांधून एक प्रत काढायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. त्यानं ती काढली नाही.

अक्कांचे पाठीराखे या वादात वारंवार कुमार गंधर्वांचं नाव घेतात. ते इथलेच, सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मले. लहानपणी मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून त्यांची कीर्ती. क्षयानं फुप्फुस निकामी झालं, देवासला वर्षानुवर्षं गाणं बंद राहिलं, आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा गायकी पार बदललेली होती. त्यांच्याबद्दलही रसिकांत फूट पडली आणि ती त्यांच्या हयातभर मिटली नाही. दाखला मोहवणारा आहे, पण अक्कांवर तो लादू नये. कुमारजी तेव्हा तिशीच्या आतले होते. १९९२ मध्ये जाईपर्यंत त्यांना चार दशकं मिळाली, आणि त्या काळात त्यांनी स्वतःचं गाणं उभं केलं, ते पेलणारे श्रोतेही तयार झाले. ७२ व्या वर्षी कुणाच्या हाती एवढा अवधी नसतो. अक्कांकडून नव्या गायकीची अपेक्षा कुणी करू नये. त्यांनी उरलेल्या गळ्यात खरेपणानं गाऊन दाखवलं आहे, आणि त्याचं मोल तेवढ्यापुरतं करावं.

पुढे काय झालं

माघात अक्कांच्या माहेरच्या देवळात आम्ही सगळा अल्बम चांगल्या स्पीकरवर लावला आणि नाराज झालेल्यांना आवर्जून बोलावलं. अक्का स्वतः आल्या नाहीत. आपण समोर असलो तर कुणी खरं बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आलेल्यांपैकी काहींचं मत तिथेच बदललं, विशेषतः तंबोऱ्याचा खर्ज पहिल्यांदा ऐकू आल्यावर. काही जण जसे आले तसेच गेले. पेनड्राइव्हवाले गृहस्थ शेवटपर्यंत बसले आणि जाताना एवढंच म्हणाले की देवळात चालतंय, ट्रॅक्टरवर नाही चालायचं. अनगोळच्या ताई आल्या नाहीत. त्यांना पुन्हा बोलावायचं नाही, असं अक्कांनी सांगितलं. "त्यांच्याकडं कॅसेट हाय न्हवं? ती ऐकू देत," म्हणाल्या. हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. आपल्या जुन्या आवाजाचा त्यांना राग नाही. मुलानं त्यानंतर दोन जुन्या कॅसेटी स्वच्छ करून फोनवर ऐकता येतील अशा करून दिल्या आणि ताईंकडे पाठवल्या.

मास्तर मात्र आले होते आणि अजिबात बधले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी सरळ प्रस्ताव मांडला. अक्कांनी त्यांच्या मंडळात उभं राहून दोन अभंग सांगावेत. ध्रुपद मंडळी घेतील, टाळ-मृदंग राहील, अक्कांनी जेवढा श्वास असेल तेवढंच म्हणावं. हा निरोप मीच अक्कांकडे नेला. त्यांनी थोडा विचार केला आणि होकार दिला. एको नको, आणि मंडळातली माणसं निवडून घ्यायची नाहीत, रोज येतात तीच पाहिजेत, अशा दोन अटी घातल्या. पेटीचं विचारलं तेव्हा मास्तरांच्या मंडळात जो मुलगा वाजवतो त्यालाच वाजवू दे म्हणाल्या. मलाही तेच रास्त वाटलं.

सध्या निपाणीत तालमी चालू आहेत. पहिल्या अभंगाची चाल बसली आहे. दुसऱ्याच्या लयीवरून मास्तर आणि अक्का अजून अडून आहेत. मास्तरांना ती पावलीला, म्हणजे टाळकऱ्यांच्या ठेक्यातल्या पावलांना, चालेल इतकी हवी, अक्का म्हणतात तेवढ्या गतीत त्यांना ओळ पुरी करता येत नाही. मधे मृदंगवाल्यानं ओळ अर्धी करून दोघांनी वाटून घ्यायची तोड सुचवली, ती येत्या गुरुवारी म्हणून बघणार आहेत.